धातू न वितळवता वेल्डिंग: मशीनवर कोणते आकडे लावायचे, हे एआय आधीच सांगू शकतं का?

ऑक्टोबर २०१२ मध्ये ॲपलने नवा आयमॅक दाखवला तेव्हा सगळ्यांची नजर त्याच्या कडेवर गेली. कड होती फक्त ५ मिलिमीटरची. एवढ्या पातळ कडेवर पुढचा आणि मागचा भाग जोडायचा कसा? नेहमीची पद्धत इथे चालणार नव्हती. म्हणून 'फ्रिक्शन स्टर वेल्डिंग' वापरल्याचं कंपनीने सांगितलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे झेपावलेल्या आर्टेमिस-१ मोहिमेच्या रॉकेटमधल्या अवाढव्य टाक्याही याच पद्धतीने जोडलेल्या होत्या. त्या टाक्यांचा व्यास होता ८.४ मीटर. आपल्या इस्रोनेही एप्रिल २०१८ मधल्या पीएसएलव्ही-सी४१ उड्डाणात इंधनटाकीसाठी हे तंत्र पहिल्यांदा वापरलं.

या वेल्डिंगमध्ये ठिणग्या उडत नाहीत. डोळे दिपवणारा उजेड नसतो, काळी काच लावावी लागत नाही. कारण यात धातू वितळतच नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला काही साध्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात. टूल मिनिटाला किती फेरे फिरवायचं? किती वेगाने पुढे सरकवायचं? किती दाबायचं? हे आकडे चुकले तर जोड बाहेरून छान दिसतो आणि आतून पोकळ राहतो. म्हणूनच हे आकडे आधी कसे सांगायचे, यावर गेली ३० वर्षं जगभर काम सुरू आहे. त्यात आता एआय आलं आहे.

एआय यात खरंच किती मदत करतं आणि कुठे अडखळतं, समजून घेऊया.

न वितळवता वेल्डिंग होतंच कसं?

खरं तर ही कल्पना खूप जुनी आहे. लोहार दोन लोखंडी पट्ट्या लालबुंद तापवतो, एकमेकांवर ठेवतो आणि ऐरणीवर घण घालून एकजीव करतो. यात लोखंड वितळत नाही, फक्त मऊ होतं. दिल्लीतला सुमारे १६०० वर्षं जुना लोहस्तंभही असाच लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांत मिसळून घडवलेला आहे. त्याचं वजन ६ टनांहून जास्त आहे.

धातूचे दोन स्वच्छ पृष्ठभाग पुरेसे गरम केले आणि पुरेसे दाबले, तर त्यांचे अणू एकमेकांना धरतात. याला घन अवस्थेतलं वेल्डिंग म्हणतात. त्याचे प्रकार बरेच आहेत. गाडीच्या इंजिनमधल्या व्हॉल्व्हची दांडी एका पोलादाची आणि डोकं दुसऱ्या पोलादाचं असतं. हे दोन तुकडे एकमेकांवर गरागरा घासून जोडतात. स्फोटाच्या धक्क्यानेही दोन धातूंच्या प्लेटा जोडल्या जातात. पण आपला विषय फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आहे. आकड्यांचं कोडं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट'मध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधली. एक टूल घ्यायचं. वर रुंद, सपाट भाग असतो, त्याला शोल्डर म्हणतात. त्याच्या मधोमध खाली एक छोटी पिन असते. ॲल्युमिनियमच्या दोन प्लेटा कडेला कड लावून घट्ट आवळायच्या. फिरतं टूल सांध्यावर आणायचं, पिन आत घुसवायची, शोल्डर वर टेकला की टूल सांध्यावरून पुढे सरकवत न्यायचं.

घर्षणाने धातू तापतो आणि कणकेसारखा मऊ होतो. दोन रंगांच्या कणकेचे गोळे शेजारी ठेवून सांध्यात बोट गोल फिरवत पुढे नेलं तर जे होईल, तेच इथे होतं. पिनेच्या समोरचा धातू घुसळून मागे जातो, शोल्डर त्याला वरून दाबून ठेवतो आणि मागे एकसंध जोड तयार होतो.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. या वेल्डिंगमध्ये तापमान साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत जातं. विमानांत वापरली जाणारी २०२४ किंवा ७०७५ सारखी ॲल्युमिनियमची मिश्रणं वितळवून जोडायला गेलं तर थंड होताना तडकतात. वितळवायचंच नसेल तर तो त्रास उरत नाही. विमान आणि रॉकेटवाले या तंत्राच्या मागे लागले ते त्यामुळेच.

मशीनवर नेमके कोणते आकडे लावायचे असतात?

मुख्य आकडे चार. टूलच्या फिरण्याचा वेग, म्हणजे आरपीएम. पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला किती मिलिमीटर. खाली दाबण्याचा जोर किंवा टूल किती खोल रुतवायचं ते. आणि टूलचा कल, जो साधारण १ ते ३ अंश मागे ठेवतात.

समजा आरपीएम १००० आहे आणि टूल मिनिटाला २०० मिलिमीटर सरकतंय. म्हणजे एका फेऱ्यात टूल फक्त ०.२ मिलिमीटर पुढे जातं. तेवढ्या वेळात त्याने तेवढा धातू तापवून, घुसळून, मागे नेऊन बसवायचा असतो. सरकण्याचा वेग वाढवला तर दर फेऱ्याला जास्त धातू हलवावा लागतो आणि तापायला कमी वेळ मिळतो.

हे झाले मशीनवर लावायचे आकडे. यांच्याशिवाय टूलचा आकार आहेच. शोल्डर किती रुंद, पिन किती लांब, तिच्यावर आटे आहेत की ती गुळगुळीत आहे, सगळ्याने फरक पडतो. प्लेट किती जाड आहे, कोणत्या मिश्रणाची आहे, खाली टेकू म्हणून लावलेली बॅकिंग प्लेट पोलादाची आहे की तांब्याची, यानेही पडतो. तांबं उष्णता झपाट्याने ओढून घेतं. मग वरचे आकडे तेच ठेवूनही जोड थंड राहू शकतो.

यातला प्रत्येक घटक बाकीच्यांशी बांधलेला आहे. एक हलवला की सगळं हलतं.

आकडा चुकला तर काय होतं?

जोड थंड राहिला, म्हणजे फेरे कमी किंवा सरकण्याचा वेग जास्त, तर धातू पुरेसा मऊ होत नाही. पिनेच्या मागची जागा नीट भरत नाही. जोडाच्या आत लांबच्या लांब बोगदा तयार होतो. वरून पाहिलं तर शोल्डरच्या सुरेख गोलाकार खुणा दिसतात, सगळं ठीकच वाटतं.

जोड फार गरम झाला तर धातू शोल्डरच्या कडेने बाहेर पिचकतो, त्याला फ्लॅश म्हणतात. हे निदान डोळ्यांना दिसतं. पण जास्त उष्णतेचा आणखी एक तोटा आहे, तो दिसत नाही. ६०६१-टी६ सारख्या मिश्रणाची ताकद त्यातल्या अतिसूक्ष्म कणांमुळे असते. उष्णतेने हे कण फुगतात किंवा विरघळतात आणि धातू नरम पडतो. मूळ प्लेट साधारण ३१० मेगापास्कलला तुटते. जोडाची ताकद त्याहून बरीच कमी भरते. अनेकदा जोड मधोमध तुटत नाही, शेजारच्या तापून नरम पडलेल्या पट्ट्यात तुटतो.

सगळ्यात फसवा दोष म्हणजे 'किसिंग बाँड'. पिन थोडी आखूड पडली किंवा पुरेशी रुतली नाही, तर सांध्याच्या तळाशी दोन्ही प्लेटा एकमेकींना नुसत्या टेकून राहतात, जोडल्या जात नाहीत. मध्ये फट नसते, त्यामुळे एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. अल्ट्रासाउंडलाही तो पकडणं अवघड जातं. प्लेट वाकवली की मात्र तळापासून फाटत जाते.

नासाला याचा महागडा अनुभव आला. आर्टेमिसच्या एसएलएस रॉकेटच्या टाक्या जोडताना टूलमध्ये, नेमकं सांगायचं तर त्याच्या पिनमध्ये, बदल करायचा निर्णय झाला. त्यानंतर द्रव ऑक्सिजन आणि द्रव हायड्रोजनच्या टाक्यांच्या जोडांची ताकद कमी भरू लागली. कारण शोधून दुरुस्ती होईपर्यंत टाक्यांचं वेल्डिंग काही महिने थांबवावं लागलं. अमेरिकेत सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या जीएओ या संस्थेच्या २०१७ च्या अहवालात याची नोंद आहे.

नासाकडे माणसं, पैसा, यंत्रं यांची कमतरता नव्हती. तरीही टूलमधला एक बदल कामाचं वेळापत्रक कोलमडवून गेला. पिन बदलली तर जोडाचं काय होईल हे वेल्डिंग करण्याआधी खात्रीने सांगता येणं किती मोलाचं आहे, ते यावरून कळतं.

मग आजवर आकडे ठरवायचे कसे?

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे करून बघणं. पण चार घटक आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या घेतल्या, तरी ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१ प्रयोग होतात. प्रत्येक प्रयोगात प्लेट कापायची, आवळायची, जोडायची, मग त्यातून नमुने काढून खेचून तोडायचे. विमानाच्या दर्जाचं ॲल्युमिनियम असेल तर नुसत्या भंगाराचाच खर्च डोळ्यात भरतो.

जपानचे अभियंते गेनिची तागुची यांची पद्धत इथे कामी आली. चार घटक, तीन पातळ्या असतील तर त्यांच्या 'एल९' तक्त्यात फक्त ९ प्रयोग पुरतात. ते ९ अशा हुशारीने निवडलेले असतात की प्रत्येक घटकाचा सरासरी परिणाम वेगळा काढता येतो. ८१ च्या जागी ९ म्हणजे मोठीच बचत. पण फुकट काहीच मिळत नाही. दोन घटक मिळून जो परिणाम करतात, तो या ९ प्रयोगांत नीट वेगळा दिसत नाही. आणि आताच पाहिलं की या वेल्डिंगमध्ये सगळे घटक एकमेकांत अडकलेले असतात.

दुसरा मार्ग सूत्राचा. १९९८ मध्ये अर्बेगास्ट आणि हार्टली यांनी ॲल्युमिनियमसाठी एक साधं नातं मांडलं. फेऱ्यांच्या वेगाचा वर्ग करा, त्याला सरकण्याच्या वेगाने भागा. येणाऱ्या संख्येवरून जोडातलं सर्वोच्च तापमान वितळण्याच्या तापमानाच्या किती टक्के जाईल याचा अंदाज येतो.

यातली गंमत घातांकात आहे. तो फक्त ०.०४ ते ०.०६ आहे. म्हणजे आरपीएम थेट दुप्पट केला तरी तापमान साधारण ६ ते ९ टक्केच वाढतं. आधी ४५० अंश असेल तर ४७५ ते ४९० च्या आसपास. सरकण्याचा वेग निम्मा केला तर वाढ जेमतेम ३ ते ४ टक्के.

असं का? कारण धातू तापला की मऊ होतो, मऊ झाला की टूलला कमी विरोध करतो आणि विरोध कमी झाला की उष्णताही कमी तयार होते. धातू स्वतःच ब्रेक लावतो. ही सोय आहे, कारण त्यामुळे धातू सहसा वितळण्यापर्यंत जात नाही. पण अंदाज बांधणाऱ्यासाठी हाच घोळ आहे. बटण खूप फिरवलं तरी तापमान थोडंसंच बदलतं, आणि त्या थोड्याशा बदलानेही धातूचा प्रवाह आणि जोडाची ताकद बरीच बदलू शकते.

शिवाय या सूत्रात टूलचा आकार कुठेच नाही. नासाची अडचण पिनमुळे झाली. ती या सूत्राला दिसलीच नसती.

एआयने काय वेगळं केलं?

२०१९ मध्ये 'एनपीजे काँप्युटेशनल मटेरियल्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे तारासंकर देबरॉय आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. या विषयावरचे अनेक शोधनिबंध येतात आणि जातात. हा मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण त्यात 'एआय वापरलं आणि जमलं' एवढंच सांगितलेलं नाही. एआयला काय खायला घातलं की जमतं, हे त्यात तपासलं आहे.

त्यांनी २०२४, २२१९ आणि ६०६१ या तीन ॲल्युमिनियम मिश्रणांवरचे १०८ प्रयोग गोळा केले. प्रश्न एकच होता. या जोडात आत पोकळी निघेल की नाही?

पहिल्या फेरीत त्यांनी संगणकाला कच्ची माहिती दिली. फेऱ्यांचा वेग, सरकण्याचा वेग, टूल आणि प्लेटची मापं, धातूचे गुणधर्म. न्यूरल नेटवर्कचा अंदाज ८३.३ टक्के वेळा बरोबर आला. बातमीत हा आकडा बरा दिसेल. कारखान्यात मात्र याचा अर्थ सहापैकी एका जोडाबद्दल चुकीचं उत्तर.

दुसऱ्या फेरीत त्यांनी भौतिकशास्त्राची मदत घेतली. मशीनवरच्या आकड्यांवरून धातूच्या आत नेमकं काय घडत असेल, ते आधी गणिताने काढलं. तापमान किती, धातू किती वेगाने ताणला जातोय, टूल फिरवायला किती पीळ लागतोय, पिनवर जास्तीत जास्त किती कर्तन ताण येतोय. हे चार आकडे साध्या, ढोबळ गणिताने काढून संगणकाला दिले. अचूकता वाढून एका पद्धतीत ९० आणि दुसऱ्या पद्धतीत ९३.३ टक्के झाली.

तिसऱ्या फेरीत हेच चार आकडे काटेकोर संगणकीय मॉडेलने काढले. आता दोन्ही पद्धती ९६.६ टक्क्यांवर पोहोचल्या. म्हणजे सहात एक चूक होत होती, ती साधारण तिसात एक झाली. प्रयोग तेच, धातू तेच. बदलली ती फक्त संगणकाला दिलेली माहिती. चारही घटकांत पोकळीवर सगळ्यात जास्त परिणाम तापमानाचा आणि पिनवरच्या ताणाचा दिसला.

यातल्या दोन पद्धतींपैकी एक न्यूरल नेटवर्क होती, दुसरी 'डिसिजन ट्री'. डिसिजन ट्री म्हणजे हो-नाही प्रश्नांची साखळी. तापमान अमुकपेक्षा कमी आहे का? हो. ताण तमुकपेक्षा जास्त आहे का? नाही. मग उत्तर असं. न्यूरल नेटवर्क आत काय करतं ते कळत नाही. डिसिजन ट्री कागदावर काढून मशीनशेजारी चिकटवता येते. योग्य माहिती मिळाल्यावर ही साधी पद्धत न्यूरल नेटवर्कच्या बरोबरीला आली, हे मला ९६.६ या आकड्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

नुसते आरपीएम का पुरत नाहीत?

एक साधा हिशेब करू. टूल १००० आरपीएमने फिरतंय. शोल्डरचा व्यास १० मिलिमीटर असेल तर त्याची कड मिनिटाला ३१ मीटर धावते. व्यास २५ मिलिमीटर असेल तर सुमारे ७९ मीटर. मशीनवरचा आकडा तोच, धातूला जाणवणारं घर्षण मात्र कितीतरी वेगळं.

धातूचंही तसंच. ६०६१-टी६ हे मिश्रण उष्णता चांगली वाहून नेतं, २०२४-टी३ त्यापेक्षा बरीच कमी. त्यामुळे तेच टूल आणि तोच वेग ठेवूनही एकात उष्णता जोडापाशी साठते आणि दुसऱ्यात प्लेटभर पसरते.

संगणकाला नुसते आरपीएम दिले तर हे सगळं त्याला उदाहरणांवरून ओळखावं लागतं. त्यासाठी हजारो उदाहरणं लागतील. इथे होती १०८. फोटो ओळखणाऱ्या एआयला लाखो फोटो मिळतात, वेल्डिंगच्या एआयला तेवढी तुटलेली वेल्डिंगं कुठून मिळणार? ही कमतरता भौतिकशास्त्राने भरून काढली.

या कामात मुंबईचाही हात आहे. पवईच्या आयआयटी बॉम्बेमधले प्राध्यापक अमिताव डे आणि देबरॉय यांनी या वेल्डिंगच्या गणिती मॉडेलवर एकत्र काम केलं आहे. २०११ मध्ये अमित अरोरा यांच्यासोबत त्यांनी ६०६१ साठी शोल्डरचा सगळ्यात योग्य व्यास गणिताने काढायची पद्धत मांडली. शोल्डर लहान असेल तर उष्णता कमी पडते. फार मोठा असेल तर धातू इतका मऊ होतो की टूलची पकडच सुटते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी टूलला लावलेला पीळ सर्वात जास्त कामी येतो. गणिताने काढलेल्या त्या व्यासाचं टूल वापरून केलेले जोड स्वतंत्र चाचण्यांत सर्वात मजबूत ठरले.

मग प्रत्येक शोधनिबंधावर विश्वास ठेवायचा का?

नाही. इथे थोडं सावध राहायला हवं, कारण इंटरनेटवर '९९ टक्के अचूक' म्हणणारे दावे ढिगाने सापडतात.

बऱ्याच अभ्यासांत घटक तीन असतात आणि प्रयोग २७ किंवा त्याहूनही कमी. तीन इनपुट, मध्ये १० न्यूरॉन आणि एक आउटपुट असं छोटंसं न्यूरल नेटवर्क घेतलं, तरी त्यात जुळवायचे ५१ आकडे असतात. २७ प्रश्नांची उत्तरं पाठ करायला ५१ वह्या मिळाल्या तर कोणीही पहिला येईल. परीक्षा पाठ न केलेल्या प्रश्नांवर घ्यायला हवी. निबंधात '०.९९' दिसला की आधी बघायचं, तो आकडा शिकवलेल्या माहितीवरचा आहे की संगणकाने कधीच न पाहिलेल्या प्रयोगांवरचा.

दुसरी अडचण मशीनची. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हे वेल्डिंग बहुतेक वेळा साध्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवर करून बघतात. फिक्स्चर नीट केलं तर जमतंही. पण या वेल्डिंगमध्ये टूलवर काही टनांपर्यंत जोर येऊ शकतो. साध्या मिलिंग मशीनचा स्पिंडल त्याने किंचित उचलला जातो. स्क्रीनवर ०.२ मिलिमीटर रुतवल्याचं दिसतं, प्रत्यक्षात टूल तेवढं रुतलेलं नसतं. त्या मशीनवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या दणकट मशीनवर नेलं की अंदाज घसरतात. चूक एआयची नसते. त्याला मिळालेला आकडाच खरा नव्हता.

तिसरी अडचण माणसांच्या स्वभावातली. बिघडलेले जोड भंगारात जातात, छापून येतात ते चांगले. मग पोकळी कशी होते हे संगणकाने शिकायचं कुठून? कोणी आपले फसलेले प्रयोग आकड्यांसह छापले, तर ते या विषयात जमलेल्या प्रयोगांइतकेच कामाचे आहेत.

आणि दोन वेगवेगळे धातू जोडायचे असतील तर काम आणखी नाजूक होतं. ॲल्युमिनियम आणि पोलाद, किंवा ॲल्युमिनियम आणि तांबं. त्यांच्या सीमेवर काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. तो अगदी पातळ असेल तर जोड टिकतो, उष्णता थोडी वाढून जाड झाला की तुटतो. तरीही होंडाने २०१३ च्या अकॉर्ड गाडीत पुढच्या सबफ्रेमसाठी पोलाद आणि ॲल्युमिनियम याच पद्धतीने जोडून दाखवले, तेही रोजच्या उत्पादनात. बॅटरीच्या तारजोडण्यांत तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी येतात, त्यामुळे इलेक्ट्रिक गाड्यांच्या काळात या जोडांना मागणी वाढते आहे.

आता कारखान्यात काय सुरू आहे?

आधी आकडे ठरवायचे आणि मग डोळे मिटून वेल्डिंग करायचं, असं कोणी करत नाही. चांगल्या मशीनमध्ये टूलवरचा जोर आणि पीळ सेन्सर सतत मोजत असतात. पिनला मिळणारा विरोध अचानक बदलला तर आत काहीतरी बिघडत असल्याची ती खूण असू शकते. काही ठिकाणी टूलमध्येच तापमान मोजायची सोय करून, ते ठरलेल्या पातळीवर राहील असे फेरे आपोआप कमी-जास्त करण्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे आरपीएम पक्का ठरवायचा नाही, तापमान ठरवायचं आणि आरपीएम मशीनवर सोडायचा. देबरॉय यांच्या अभ्यासातली गोष्टच ही, फक्त कागदावरून स्पिंडलवर आलेली.

तरीही मॉडेलने होकार दिला आणि सेन्सर गप्प राहिले, तरी त्याच आकड्यांवर जोडलेली नमुन्याची प्लेट कापून, खेचून तोडली जाते. इंधनटाकीसारख्या कामात जोडाची एक्स-रे किंवा अल्ट्रासाउंड तपासणीही चुकत नाही.

शेवटी एक गोष्ट उरतेच, अगदी शब्दशः. जोड पूर्ण झाल्यावर पिन वर उचलली की तिच्या जागी भोक राहतं. सरळ प्लेट असेल तर टूल एका फालतू तुकड्यावर नेऊन बाहेर काढतात आणि तो तुकडा कापून टाकतात. रॉकेटच्या गोल टाकीला असं टोकच नसतं. तिथे भोकात त्याच धातूचं बूच गरागरा फिरवत, घर्षणाने तापवत बसवतात. याला फ्रिक्शन प्लग वेल्डिंग म्हणतात आणि त्याचे आरपीएम, जोर आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून वेगळे ठरवावे लागतात.